एकवीस इंच

वखारीतून फळी घेऊन गोकुळ परत आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि त्याच्याच वर्कशॉपच्या दारात जिनेशने ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं. “हळू,” जिनेश म्हणाला, “वहिनी झोपल्यात.” फळी खांद्यावर तशीच धरून गोकुळ उभा राहिला. आत, कटरच्या पलीकडे, शटरिंगच्या प्लायचा जो सांगाडा त्याने आणि जिनेशने चार दिवस खपून उभा केला होता, त्याच्या एका कडेच्या खाचेत शीला, त्याची बायको, कुशीवर झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक पाय गुडघ्यात मुडपलेला, पाठ फळीला टेकलेली. तिने आणलेला जेवणाचा डबा खाली भुशात ठेवला होता. खाचेची रुंदी एकवीस इंच. ती त्यानेच मापली होती, त्यानेच कापली होती आणि कापताना म्हणाला होता, “यात माणूस झोपतंय व्हय राव? यात फार तर कुत्रं मावंल.” आता तिथे त्याची बायको मावली होती. आणि घोडेगावात गेली पंधरा वर्षं ‘गोकुळ फर्निचर’ अशी पाटी लावलेल्या जागेत, तिच्या झोपेसाठी तिच्याच नवऱ्याला गप्प करण्याचा हक्क दुसऱ्या कुणीतरी बजावत होता. गोकुळने फळी खाली ठेवली. हळू ठेवली, याचा त्याला जास्त राग आला.

शीला झोपत नसे. हे घरातलं असं सत्य होतं की त्याबद्दल आता कुणी बोलतही नसे. दोन वर्षांपूर्वी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून झोप गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. जायफळ झालं, दुधात हळद झाली, तळपायाला तूप चोळून झालं. ती रोज अंथरुणावर पडायची, कूस बदलायची, उठून पाणी प्यायची, परत यायची, आणि गोकुळ पलीकडे डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेत तिच्या कुशी मोजायचा. सोंग का घ्यायचा, हे त्याला सांगता आलं नसतं. जागा आहे म्हणून सांगितलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. आणि तो पलंग! सहा बाय साडेसहा, अस्सल सागवान, उशाला वेलबुट्टी. लग्नाच्या आधी तीन महिने त्याने तो एकट्याने केला होता. तेव्हा तो दुसऱ्याच्या हाताखाली होता, काम सुटल्यावर बसून एकेक पान पटाशीने उठवलेलं. अख्खी आळी बघायला आली होती. शीलाची आत्या तर पलंगावर बसून म्हणाली होती, पोरगी राणी झाली. त्या पलंगावर राणी अठरा वर्षं होती आणि त्यातली शेवटची दोन टक्क जागी होती. आणि इथे, रंधाही न मारलेल्या, खिळ्यांची डोकी वर आलेल्या फळ्यांच्या खोबणीत, भर दुपारी, शेजारच्या गिरणीचा पट्टा थडथडत असताना ती घोरत होती. बारीक, पण घोरत होती. तिचं घोरणं गोकुळ विसरलाच होता. ते परत ऐकायला मिळालं तेही दुसऱ्याच्या परवानगीने.

दुसरा म्हणजे जिनेश. बाजारपेठेतल्या रमणलालशेठच्या कापडदुकानाचा धाकटा, गोकुळच्या वर्गातला. चौथीत असताना याला घोड नदीच्या डोहात पोहायला कुणी शिकवलं? गोकुळने. पोटाखाली हात धरून, नाकातोंडात पाणी गेलं की पाठीत धपाटा घालून. शेठच्या घरी कळलं तेव्हा मार गोकुळलाच बसला होता. पुढे त्या पोराने दुकानावर बसायचं सोडून बोटीवरचं इंजिनियरिंग धरलं, वीस वर्षं जगभर फिरला, आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून त्याने कोकणातल्या एका यार्डात पडून असलेली शिडाची बोट विकत घेतली होती. छत्तीस फुटी, बायकोबरोबर वर्षभर समुद्रावर राहायला. आतून पूर्ण पोकळ, कुणीतरी आतलं सगळं उखडून नेलेलं. ती आतून कशी बांधायची, एवढंच ठरवायला तो गावी येऊन बसला होता. गोकुळने समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीला. ज्याला पोहायला शिकवलं त्याच्याकडे समुद्र गेला आणि शिकवणाऱ्याकडे भुसा राहिला, असा विचार आजवर त्याच्या मनात आला नव्हता. त्या दुपारी आला, आणि आल्यावर तो बराच जुना असल्यासारखा वाटला.

नकाशे दोन होते. पहिल्यात बोटीच्या पुढच्या भागात मधोमध ऐसपैस पलंग, दोन्ही बाजूंनी फिरायला जागा, भिंतीला सरळ लांब ओटा, समोर सोफा. जिनेशच्या बायकोला, नीलमला, हाच हवा होता; ती मुंबईहून रोज तसले फोटो पाठवायची. गोकुळलाही हाच आवडला होता, कारण त्यात हात दाखवायला वाव होता. उशाची वेलबुट्टी त्याने मनात काढूनही ठेवली होती. दुसरा नकाशा म्हणजे अडचणच सगळी. बोटीच्या मधोमध, जिथे हेलकावा सगळ्यात कमी, तिथे खाली दोन अरुंद बर्थ. जिन्याजवळ घोड्याच्या नालेसारखा वळलेला ओटा, आत उभं राहिलं की कंबर दोन्हीकडून अडकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कोपरे सगळे गोल, आणि हात टाकाल तिथे धरायला दांडी. “बंदरात उभ्या बोटीत पहिला नकाशा स्वर्ग आहे,” जिनेश म्हणायचा, “पण आम्ही बंदरात राहायला नाही ना चाललो. आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. रोज संध्याकाळी बोट कलंडलेली असताना नीलम त्या लांब ओट्यावर फुलके कसे करणार?” मग त्याला फोन यायचा आणि तो परत पहिल्या नकाशाकडे वळायचा. शेवटी त्याने ठरवलं, कागदावरच्या रेघांवर विसंबायचं नाही, स्वस्तातल्या प्लायमध्ये दोन्हींचा झोपायचा आणि ओट्याचा तुकडा खऱ्या मापात उभा करायचा आणि त्यात वावरून बघायचं. पहिल्याच दिवशी गोकुळ पाणसळ लावून तळ समपातळीत आणायला लागला, आणि बर्थचं उसं पूर्वेला यावं म्हणून त्याने अख्खा सांगाडा फिरवून घेतला. जिनेश पोट धरून हसला. “अरे, बोट दिवसातून दहादा तोंड फिरवते. आणि तुझ्या पाणसळीतला बुडबुडा तिथे जागेवर थांबायचा नाही.” तेव्हा गोकुळही हसला होता. आता ते हसणं त्याला आठवत होतं आणि त्यात आपली अक्कल काढलेली ऐकू येत होती.

शीला जागी झाली ती दचकून नाही, मासा वर यावा तशी सावकाश. समोर दोन पुरुष बघून पदर सावरत उठून बसली. “अगं बाई. डबा ठेवला आन् जरा टेकून बघितलं.” “पन्नास मिनिटं,” जिनेश घड्याळ बघत म्हणाला, “आणि एकदाही कूस बदलली नाहीत वहिनी.” म्हणजे हा बघत होता. पन्नास मिनिटं, कूस बदलते की नाही ते. बघण्यात वाईट काही नव्हतं, जिनेश तसला माणूस नव्हता, हे गोकुळला पक्कं माहीत होतं. आणि माहीत असल्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. “काय वाटलं आत? खरं सांगा,” जिनेशने विचारलं, वही उघडून. आणि शीला सांगायला लागली. खाली बघत, बांगड्या मागेपुढे करत, पण सांगायला लागली. “लहानपणी आमच्या खोडदवरनं कांद्याची ट्रॉली चाकणला निघायची ना भाऊ, तवा मी गोण्यांच्या बेचक्यात झोपायचे. दोन्हीकडनं गच्च. हलायला जागाच न्हाई. खाली खड्डं, वर आभाळ, आन् मी मेल्यासारखी झोपलेली. तशी झोप परत कदी लागली न्हाई बघा. आज लागली.”

अठरा वर्षांत गोकुळला हे माहीत नव्हतं. खोडदचं तिने काय सांगितलं होतं, ते तो आठवायला लागला. रेडिओ दुर्बिणीचे ते मोठे पांढरे अँटेना, शाळेतून येताना बघावं तर एका बाजूला, गुरं बांधून यावं तर दुसऱ्याच बाजूला वळलेले. चुलत्याशी बांधावरून झालेली भांडणं. दोन म्हशींची नावं. पण गोण्यांचं बेचकं नाही. त्याने विचारलं नव्हतं, हे खरं. पण असं कोण विचारतं? तू लहानपणी कशाकशात झोपायचीस, असं कुठला नवरा बायकोला विचारतो? जिनेशने तरी कुठे विचारलं होतं, त्याने बर्थबद्दल विचारलं होतं. आणि तरी ते त्याच्या वहीत गेलं होतं, बारीक अक्षरात, तारीख घालून. “ट्रॉली!” जिनेश टुणकन उठला. “वहिनी, तुम्ही प्रश्नच सोडवलात. हे सगळं ट्रॉलीत चढवू. कच्च्या रस्त्याने फिरवू. समुद्र नाही तर नाही, हेलकावे तर मिळतील!” शीला हसली. हसताना तिने तोंडावर हात नेला नाही.

घरी चहाच्या वेळी त्याने विचारलं, इकडेतिकडे बघत, “तितं झोप लागली म्हणं तुला.” “लागली खरी.” “आन् आपला पलंग काय वाईट हाय का?” “पलंगाला कोण नावं ठेवतंय? चांगलाच हाय की.” कप बशीत ठेवत ती पुढे म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज, “लई मोठा हाय एवढंच. कूस बदलली की कुटं तरी लांब जाऊन पडल्यागत वाटतं.” म्हणजे मी कुठे असतो? असं त्याच्या मनात आलं. तो तर तिथेच असतो, हातभर अंतरावर, डोळे मिटून. तिने हात लांबवला असता तर लागला असता. तिने लांबवला नाही आणि त्यानेही नाही, आणि मधली जागा त्याच्याच हातची, गुण्या लावून काटकोनात पक्की. गोकुळ जळत होता. माणसावर जळणं त्याला ठाऊक होतं; जुन्नरच्या एका फर्निचर कारखानदाराला लेण्याद्रीच्या पायथ्याच्या हॉटेलचं काम मिळालं तेव्हा तो आठ दिवस जळला होता. पण फळ्यांवर जळायची ही पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी, जिनेश यायच्या आत, शटर अर्धं ओढून तो स्वतः त्या खाचेत शिरला. खांदे अडकले. पोट फळीला लागलं. नाकाशी त्याच्याच हातची पेन्सिलची खूण होती, आणि खोबरेल तेलाचा वास, तिच्या केसांचा. तो तिथे पडून राहिला आणि त्याला झोप तर नाहीच आली, उलट घाम फुटला. बाहेर निघायला त्याला एक पाय आधी जमिनीवर टाकून गडगडत यावं लागलं. उठला आणि मनाशी म्हणाला, हा नकाशा मी होऊ देणार नाही.

मग तो पहिल्या नकाशाची वकिली करायला लागला. नीलमवहिनींचं मन मोडू नको. वर्षभर नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं का? उद्या बोट विकायची म्हटलीस तर असली कोंबड्यांची खुराडी कोण घेईल? सगळे मुद्दे बरोबर होते, म्हणूनच त्याला आणखी जोर चढत होता. जिनेश शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, रविवारी ठरवू. सोमवारी यार्डाला माप कळवायचं आहे.

रविवारी सकाळी शिनोलीच्या गेणभाऊंचा ट्रॅक्टर घेतला. गेणभाऊ साठीचे, शेतकरी गडी, त्यांना हा सगळा प्रकार म्हणजे जत्राच वाटत होती. “समुद्राची होडी आन् आमच्या ट्रॉलीत? घ्या, घ्या!” कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता जिनेशने निवडला, उसाच्या गाड्यांनी त्याची पार चाळण केली होती. पहिली फेरी रुंद पलंगाची. पाच फुटी फळी, वर फोमची गादी, आणि तिच्यावर वकील स्वतः, म्हणजे गोकुळ. “मी झोपतो. बघाच तुमी.” गेणभाऊ हाकत होते तेही बेताने, दुसऱ्या गिअरमध्ये. पहिल्या खड्ड्याला गोकुळ उजवीकडे गेला. दुसऱ्याला डावीकडे. तिसऱ्याला कलिंगडासारखा गडगडत जाऊन ट्रॉलीच्या पत्र्यावर कोपर आपटून घेतलं. धरायला काही नव्हतं, टेकायला काही नव्हतं, नुसती गादी आणि रुंदी. वळून येताना त्याने पाहिलं, बाभळीखाली शीला आणि जिनेश उभे राहून हसत होते. शीला तर वाकून, गुडघ्यावर हात ठेवून. ती आपल्याला हसते आहे याचं त्याला काही नव्हतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती त्याला अशीच हसायची. पण तेव्हा तिच्या शेजारी कुणी उभं नसायचं.

दुसऱ्या फेरीसाठी त्यांनी अरुंद बर्थ आणि नालेसारखा ओटा असा तुकडा चौघांनी उचलून ट्रॉलीत सरकवला, पुढच्या बाजूला उभी प्लायची भिंत, वर ताडपत्री. शीलाने बर्थच्या मोकळ्या बाजूला आडवं बांधायला जुन्या ताडपत्रीचा पट्टा शिवून आणला होता, दोन टोकांना सुतळ्या. जिनेशने सांगितलं होतं, बोट जोरात कलली की माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून असं कापड लागतंच. बर्थवर शीला, ओट्याशी जिनेश, असं ठरलं. “आता मी चालवतो,” गोकुळ म्हणाला. गेणभाऊंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि चावी दिली.

ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्यावर मागे वळून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. प्लायची भिंत, तीही त्यानेच ठोकलेली, एकही फट न ठेवता. पहिल्या गिअरमध्ये तो निघाला. इंजिनाच्या आवाजातून तिचं हसणं आलं. मग जिनेश काहीतरी म्हणाला, लांबलचक. मग ती काहीतरी म्हणाली, चार-पाच शब्द. मग दोघं. कालव्याचं पाणी शेजारून जात होतं, पलीकडे डाळिंबाच्या बागेवर जाळी टाकलेली, आणि गोकुळचे कान मागे लागलेले. चार-पाच शब्द. कोणते असतील? गोण्यांसारखं आणखी काय काय असेल तिच्याकडे, न सांगितलेलं? माणसाच्या आत किती खोल्या असतात आणि आपण पुढच्याच खोलीत अठरा वर्षं बसून राहतो, चहा पितो, निघतो. मागचं बोलणं थांबलं. ही शांतता हसण्यापेक्षा वाईट होती. त्याने कान ताणले. काही नाही. दुसरा गिअर. काही नाही. तिसरा. समोर एक खड्डा होता, डावीकडून टाळता येण्यासारखा. त्याने टाळला नाही. ट्रॉली मागे धाडकन आदळली. पडू दे, त्याच्या मनात आलं. शब्द स्पष्ट आले, कुणीतरी कानात बोलल्यासारखे. एकदा पडू दे तिला. पडली की कळेल. पडली म्हणजे खुराडं गेलं, वही गेली, पन्नास मिनिटं गेली. पुढचा खड्डा त्याने शोधून घेतला. त्याच्या पुढचाही. चाक बांधावर चढवलं, ट्रॉली एका अंगाला कलली, परत आपटली. स्टिअरिंग हातात उड्या मारत होतं, दात एकमेकांवर आदळत होते, आणि त्याला बरं वाटत होतं. फार दिवसांनी असं निखळ बरं वाटत होतं. किती वेळ, कुणास ठाऊक. मग मागून प्लायवर मुठी बसायला लागल्या. “थांब! गोकुळ, थांब रे!”

तो थांबला. उतरून मागे जाईपर्यंत जिनेश ट्रॉलीतून कसाबसा खाली आला, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि भडाभडा ओकला. वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. ओकून झाल्यावर तोंड पुसत, पांढराफटक चेहरा करून हसला. “हेच,” तो म्हणाला, “हाच नकाशा. मी दोन्ही हात सोडून उभा होतो रे त्या ओट्यात. एकदाही पडलो नाही. पोटाचं काय, ते समुद्रावर पण होतं.” आणि मग, हात हलवून ट्रॉलीकडे दाखवत, “वहिनींना बघ.”

गोकुळ ट्रॉलीत चढला. ताडपत्रीखाली पिवळट उजेड होता, फळ्यांवर सगळीकडे धूळ, आणि शीला झोपली होती. एक हात उशाखाली, तोंड किंचित उघडं, केसांत धूळ. तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर ओट्याची कड होती, अजून गोल न केलेली. आणि आडव्या कापडाच्या सुतळ्या नुसत्या लोंबत होत्या. बांधल्याच नव्हत्या. त्याने एक सुतळी हातात घेऊन पाहिली. मग तिचा खांदा हलवला. तिने डोळे उघडले.

“आलो व्हय?”

“हे बांदलं का न्हाईस?” त्याने विचारलं.

“बांदणारच व्हते,” ती जांभई देत म्हणाली. “गेणभाऊ चालवत असते तर बांदलंच असतं. मग बगितलं तर तुमी बसलाय. म्हटलं कशाला. तुमी काय मला पडू देताय व्हय?”

बाहेर जिनेश चूळ भरत होता. लांबून गेणभाऊंची, काय झालं, अशी हाक ऐकू येत होती. शीलाने कूस बदलली, पाठ फळीला टेकवली आणि पुन्हा डोळे मिटले. “चला, घ्या माघारी,” ती म्हणाली, “अजून डोळा लागतोय.” गोकुळ खाली बसला. त्याने कापड वर ओढलं, तिच्या अंगाशी नीट आणलं, आणि आधी डोक्याकडची, मग पायाकडची सुतळी बांधली. गाठीवर गाठ मारली, त्यावर आणखी एक.

“एवढं घट्ट कशाला?” तिने डोळे न उघडताच विचारलं.

“रस्ता लई वाईट हाय,” तो म्हणाला.